वाडीत उतरणारं हॉवरक्राफ्ट: कल्पनेतलं यान खऱ्या हवेत कसं उडवायचं

भाच्याने दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहिली. गुहागरला रात्री पोफळीच्या वाडीत एक हॉवरक्राफ्ट आवाज न करता उतरतं, खळ्यात बसलेल्या आजोबांना छातीत कळ आलेली असते, त्यांना घेऊन ते सरळ वर जातं आणि पंधरा मिनिटांत रत्नागिरीला पोचतं. मी वाचली आणि विचारलं, "बाकी झकास. पण वाडी शिल्लक कशी राहिली रे?"

"मामा, गोष्ट आहे ती."

गोष्ट आहे हे मान्य. पण माझा सगळा जन्म ब्लोअर आणि पंखे बनवण्यात गेला. हवा फुकट मिळत असली तरी ती हलवणं फुकट होत नाही. त्यामुळे आम्ही दोघं पडवीत वही घेऊन बसलो आणि त्याचं यान पहिल्यापासून बांधायला घेतलं. कुणाला कथेसाठी, नाटुकल्यासाठी किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी असं यान रचायचं असेल, तर आम्ही ज्या क्रमाने गेलो त्याच क्रमाने जा. गणित आठवी-नववीचंच आहे.

आधी वजन आणि अंतर लिहून काढा

चित्र काढायची घाई करू नका. बहुतेक जण आधी चकचकीत आकार काढतात आणि मग त्याच्या पोटात इंजिन कोंबतात. आधी कागदावर चार गोष्टी लिहा: किती माणसं, एकूण वजन किती, किती लांब जायचं आणि उतरायचं कुठे.

आमचं यान सहा माणसांचं, सगळं धरून २००० किलोचं. म्हणजे त्याला हवेत धरून ठेवायला सुमारे २०,००० न्यूटन बळ लागणार. गुहागर ते रत्नागिरी सरळ रेषेत साधारण ५५ किलोमीटर आहे. रस्त्याने मात्र एक तर जयगडच्या खाडीला वळसा घाला, नाही तर तवसाळला फेरीबोटीची वाट बघत उभे राहा. कोकणात असं यान का सुचावं, ते या खाड्यांकडे बघितलं की कळतं.

खरं हॉवरक्राफ्ट उडत नाही

गोष्टींतल्या हॉवरक्राफ्टमध्ये आणि खऱ्या हॉवरक्राफ्टमध्ये नावापलीकडे फारसं साम्य नसतं. खरं हॉवरक्राफ्ट हवेच्या गादीवर बसतं. ब्रिटिश अभियंता क्रिस्टोफर कॉकरेल याने १९५० च्या दशकात कॉफीच्या डब्यात मांजरीच्या खाऊचा छोटा डबा बसवला, दोन्हींच्या मधल्या कडेतून हवा फुंकली आणि खाली तराजू ठेवून दाब मोजला. हवा कडेने वळून आत राहिली तर तीच हवा जास्त वजन उचलते, हे त्याला दिसलं. त्यातूनच पुढे एसआर-एन१ हे यान झालं आणि २५ जुलै १९५९ रोजी त्याने इंग्लिश खाडी पार केली. खाली लोंबणारी रबरी झालर त्याला तेव्हा नव्हती, ती नंतर आली. झालर आल्यावरच हॉवरक्राफ्ट लाटांवर चालण्याजोगं झालं.

आता आपलं २००० किलोचं यान अशा गादीवर बसवू. तळ ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, म्हणजे १८ चौरस मीटर. वजनाला क्षेत्रफळाने भागलं की गादीतला दाब साधारण ११०० पास्कल येतो. हा आपल्या वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का. इतक्या किरकोळ दाबावर दोन टन तरंगतात, हे भाच्याला पटेना. त्याला म्हटलं, तळावर एक टक्का आहे पण तळ केवढा आहे ते बघ.

ही हवा झालरीखालच्या फटीतून सतत सुटत राहते, सेकंदाला सुमारे ४४ मीटर वेगाने. तळाचा परीघ १८ मीटर, फट दोन सेंटीमीटर आणि फटीतून सुटताना झोत आकसून साठेक टक्क्यांवर येतो असं धरलं, तर सेकंदाला साडेनऊ घनमीटर हवा भरत राहावी लागते. पंख्याची कार्यक्षमता निम्मी धरा. लागणारी शक्ती: २१ किलोवॉट. छोट्या ट्रॅक्टरच्या इंजिनात हे काम होईल.

इथेच सगळी मेख आहे. फट दोन सेंटीमीटरऐवजी एक मीटर केली तर? गळणारी हवा पन्नास पट, शक्तीही पन्नास पट, म्हणजे हजार किलोवॉटच्या वर. खरं तर त्या उंचीवर गादी म्हणण्यासारखं काही उरतच नाही, नुसता खाली फेकलेला वारा राहतो. वीतभर उंचीपर्यंत हॉवरक्राफ्ट स्वस्तात चालतं. पुरुषभर उंच गेलं की त्याचं हेलिकॉप्टर होतं आणि हेलिकॉप्टरचं बिल भरावं लागतं.

याचा पुरावा त्याच काळातला आहे. अमेरिकी लष्करासाठी कॅनडात अव्रोकार नावाचं बशीच्या आकाराचं यान बांधलं, ते १९५९ मध्येच पहिल्यांदा उचललं गेलं. मधल्या पंख्याची हवा कडेने वळवून खाली सोडायची, अशी योजना. अपेक्षा उंच आणि वेगाने उडण्याची, आणि प्रत्यक्षात ते मीटरभराच्या वर गेलं की डुगडुगायला लागायचं. वेग तासाला ५६ किलोमीटर. १९६१ मध्ये गुंडाळून ठेवलं. उडती तबकडी लिहिणाऱ्या प्रत्येकाने याची चलचित्रं बघावीत. ताटलीत पाणी घेऊन चालणाऱ्या माणसासारखं दिसतं ते.

हवा खाली फेकायचा हिशोब

वर जायचंच असेल तर हवा खाली ढकलण्यावाचून गत्यंतर नाही. मग थोडी हवा जोरात ढकलायची की पुष्कळ हवा सावकाश ढकलायची, एवढंच ठरवायचं उरतं.

रीत अशी. वजनाला (न्यूटनमध्ये) पंख्यांच्या एकूण घेराच्या क्षेत्रफळाने भागा. आलेल्या आकड्याला हवेच्या घनतेच्या दुपटीने भागा. किनाऱ्यावरच्या तिशीतल्या तापमानाला घनता १.१६ धरा, म्हणजे दुप्पट सुमारे २.३. उत्तराचं वर्गमूळ काढा. हा पंख्यातून जाणाऱ्या हवेचा वेग. त्याला वजनाने गुणलं की किमान शक्ती मिळते. प्रत्यक्षात पाती, घर्षण, भोवरे यांत शक्ती वाया जाते, म्हणून शेवटी ०.७ ने भागा.

दहा मीटर व्यासाचं एकच मोठं पातं घेतलं तर वेग सेकंदाला साडेदहा मीटर आणि शक्ती सुमारे ३०० किलोवॉट. हे झालं साधं हेलिकॉप्टर. चित्रांत असतात तसे दीड मीटरचे चार पंखे घेतले तर वेग ३५ मीटर आणि शक्ती थेट १००० किलोवॉट. पंख्यांभोवती नीट आकाराचं नळकांडं बसवलं तर बाहेर पडणारा झोत आकसत नाही आणि हे सातशेवर येतं. माझ्या धंद्यात नळकांड्याला लोक पत्र्याचा खर्च समजतात, त्यांना हे सांगून सांगून मी थकलो. आणि पंखे नकोत, खालून निळ्या ज्वाळाच हव्यात असं म्हणाल, तर सेकंदाला ५०० मीटर वेगाचा झोत धरून ५००० किलोवॉट मोजा.

वजन तेच, यान तेच. फक्त घेर लहान केला आणि खर्च सोळा-सतरा पट झाला. लेखकाने एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी पुष्कळ: यान जितकं आटोपशीर आणि देखणं, तितकं ते खादाड.

ज्वाळांवर तरंगणारं विमान आपल्याच किनाऱ्यावर होतं. नौदलाची सी हॅरिअर विमानं गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर असत, १९८३ पासून २०१६ पर्यंत. वास्कोजवळच्या नौदल विमान संग्रहालयात ते उभं आहे. गेलात तर कुशीत बघा: इंजिन एकच, पण झोत सोडायला चार तोंडं, आणि ती चारही मागून खाली वळतात. उन्हाळी हवेत तरंगताना इंजिन तापून मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून त्यात पाणी फवारायची सोय होती. टाकीत सुमारे २२७ लिटर पाणी, आणि ते दीड मिनिटात संपायचं. कथाकाराला याहून चांगलं घड्याळ कुठे मिळेल? आजोबांना उचलायला दीडच मिनिट आहे आणि आजी म्हणतेय, थांबा, चष्मा राहिला.

तरंगा कमी, उडा जास्त

भाचा म्हणाला, मग सातशे किलोवॉटवर रत्नागिरीपर्यंत जाऊ. पंधरा मिनिटं सातशे किलोवॉट म्हणजे १७५ युनिट वीज. आजच्या बॅटरीचा पूर्ण संच किलोला १८० वॉट-तासांच्या आसपास देतो. म्हणजे सुमारे ९७० किलो बॅटरी, निम्मं यान. माणसं साडेचारशे किलो. उरलेल्या पाचशे-सहाशे किलोत सांगाडा, मोटारी, पंखे, झालर, दारं आणि आजोबांचं स्ट्रेचर बसवा. नाही बसत.

त्याला पंख लावा. पंखावर उडणारं यान आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा अवरोध सोसतं असं धरलं (बरं जमलेलं छोटं विमान एवढं सहज करतं), तर पुढे रेटायला फक्त २००० न्यूटन लागतात. तासाला २१६ किलोमीटर वेगाला ते १२० किलोवॉट होतात, तोटा धरून दीडशे. तरंगायला सातशे आणि उडायला दीडशे!

आता पुन्हा मांडू. चढताना-उतरताना मिळून दोन मिनिटं तरंगणं: २३ युनिट. पंधरा मिनिटं उड्डाण: ३७ ते ३८ युनिट. तरंगण्यातून पंखावर येतानाचा जास्तीचा खर्च आणि जवळ शिल्लक असावी म्हणून शंभर युनिट घेऊ. साडेपाचशे किलो बॅटरी. आता गणित ताणलेलं आहे, पण जमणारं आहे. उभ्या उडणाऱ्या विजेच्या टॅक्सींच्या मागे जगभरच्या कंपन्या लागल्या आहेत, त्यांचा सगळा खेळ याच दोन मिनिटांचा आहे.

किंमत म्हणून सोळा चौरस मीटर पंख लागतात, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत अकराएक मीटर. पोफळीच्या दोन रांगांत हे शिरणार नाही. आणि तरंगणं-उडणं दोन्ही साधायला पंखे वळणारे करा: उतरताना आकाशाकडे तोंड, उडताना पुढे. अमेरिकेचं ऑस्प्रे विमान असंच आहे, पहिलं उड्डाण १९८९. नाही तर उचलणारा पंखा वेगळा ठेवा, एफ-३५बी मध्ये असतो तसा. २०२५ च्या जूनमध्ये जे ब्रिटिश विमान तिरुवनंतपुरमला महिनाभर अडकून पडलं आणि ज्याच्यावर केरळच्या पर्यटन खात्यानेसुद्धा विनोद करून घेतले, तेच हे. वैमानिकाच्या पाठीमागे मोठा पंखा, मुख्य इंजिनाच्या दांड्याने फिरणारा. एकदा विमान पुढे उडायला लागलं की हा पंखा झाकण लावून निजतो आणि त्याचं वजन मात्र वाहावंच लागतं.

मला विचाराल तर दोन्ही सोडा आणि तिसराच मार्ग धरा. आपल्याकडे हवेची गादी आहे ना? तिला चाकांच्या जागी वापरा. २१ किलोवॉटमध्ये पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उचला, मागच्या पंख्याने रेटा, आणि तासाला सव्वाशे किलोमीटर वेग आला की पंखांवर हवेत जा. अंदाजे तीनशे मीटर धाव लागेल, आणि गुहागरची पुळण किलोमीटरच्या किलोमीटर लांब आहे. सातशे किलोवॉटचं यान दोन-अडीचशेत आलं. ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकेत बेल कंपनीने १९६७ मध्ये एका छोट्या विमानाला चाकांऐवजी हवेची गादी लावून उडवून दाखवलं होतं.

भाच्याला हे आवडलं नाही. त्याला सरळ वरच जायचं होतं. ठीक आहे, गोष्ट त्याची. पण त्यालाही कळलं की त्याच्या वाचकाला ओहोटीची वेळ बघत बसलेला चालक जास्त खरा वाटेल.

तोल

चार पंख्यांवर ठेवलेलं यान म्हणजे बोटावर तोललेली काठी. माणसाचा हात पुरत नाही. जायरोस्कोपकडून कल विचारायचा आणि त्याप्रमाणे प्रत्येक पंख्याचा वेग बदलायचा, हे काम संगणक सेकंदाला शेकडो वेळा करतो. लग्नाचं चित्रीकरण करणारा ड्रोन हेच करतो. हॅरिअरमध्ये तोलासाठी नाक, शेपटी आणि पंखांच्या टोकांना लहान तोंडं होती, इंजिनातली दाबलेली हवा तिथून सोडत.

इथे एक चूक सगळे करतात: पंखे चारच ठेवतात. चारातला एक बंद पडला की यान कोलमडलं. हेलिकॉप्टरचं इंजिन गेलं तर मोठं पातं खालून येणाऱ्या वाऱ्याने फिरत राहतं आणि हळू उतरवता येतं, छोट्या पंख्यांना ती सोय नाही. म्हणून तेवढ्याच एकूण घेराचे आठ पंखे करा. प्रत्येकी १ मीटर ६ सेंटीमीटर व्यास. शक्ती तेवढीच लागते, फक्त एक पंखा गेल्यावर उरलेल्या सातांना सावरता येईल इतकी मोटारींत गुंजाईश ठेवा. मग एक पंखा कथेत बिघडवता येतो आणि माणसंही वाचतात.

आणि आता वाडी

सातशे किलोवॉटच्या नळकांडी पंख्यांचा झोत सेकंदाला ४९ मीटर, म्हणजे तासाला जवळजवळ १८० किलोमीटर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला आलं तेव्हा वारा तासाला ११० ते १२० किलोमीटर होता. त्या वाऱ्याने नारळी-पोफळी कशा आडव्या झाल्या आणि कौलं कशी उडाली ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वाऱ्याचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे भाच्याच्या यानाखालचा मार निसर्गाच्या दुपटीहून जास्त. फरक इतकाच की हा झोत अरुंद आहे, जमिनीला आपटून चहूकडे पसरतो आणि लांब जाता जाता ओसरतो. तरी खळ्यात उतरलं तर पडवीचं छप्पर, वाळत घातलेली आमसुलं आणि आजोबा यांतलं काहीच जागेवर राहणार नाही.

आवाजाचंही तेच. एवढी हवा मुकाट्याने हलत नाही. पात्यांच्या टोकांचा वेग कमी ठेवला, पाती वाढवली, तर कर्कश्शपणा कमी होतो. पण "आवाज न करता" हे शब्द खोडाच.

जागेप्रमाणे त्रास बदलतो, आणि इथे कोकणातल्या लेखकाला शहरातल्या लेखकापेक्षा जास्त माहीत असतं. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उतरलात तर उन्हाळ्यात जांभ्याची लाल धूळ उठेल आणि चालकाला स्वतःचे पाय दिसणार नाहीत. पाण्यावर थांबलात तर तुषारांचा पांढरा ढग, आणि तोच खारा ढग पंखा पुन्हा वरून आत ओढेल. समुद्रावर उडणारी इंजिनं म्हणूनच गोड्या पाण्याने धुतात. इथे सायकलची साखळी एका पावसाळ्यात लाल होते, तिथे मोटारीचं काय होईल याचा विचार करा. खाजणातल्या चिखलावर मात्र हवेची गादी राणीसारखी चालते, जिथे होडी रुतते आणि माणूस गुडघाभर जातो. याउलट कालवं चिकटलेल्या खडकावरून नेलीत तर झालरीच्या चिंध्या होतील.

गादीवरच्या यानाला ब्रेक नसतो, हेही लक्षात ठेवा. जमिनीशी पकड नाही, मग थांबणार कशाच्या जोरावर? जेट्टीच्या उतारावर ते आपोआप घसरतं आणि दुपारचा खारा वारा त्याला आडवं ढकलतो. चालक तांडेलाच्या घरातला दाखवलात तर उत्तम. वारा आणि ओढ हिशेबात धरून नाक भलतीकडे रोखायचं आणि भलत्याच ठिकाणी पोचायचं, हे त्याला शिकवावं लागणार नाही.

एकच थाप मारा

विज्ञानकथेत थाप चालते, पण एकच. सरळ वर जाणारं आटोपशीर यान हवं असेल तर बॅटरी आजच्या पाचपट चांगली आहे असं म्हणा आणि बाकी सगळं खरं ठेवा. वारा, आवाज, तोल, मीठ यांना हात लावू नका. थाप मारली की मग तिच्या मागे घरभर फिरा. तसली बॅटरी यानात असेल तर ती मच्छीमारांच्या होड्यांतही असेल, डिझेलचा वास बंदरातून गेलेला असेल, गावात वीज गेली तर लोक होडीवरून घरात वायर ओढतील. यानापेक्षा हे तपशील लिहायला मजा येते.

भाच्याने शेवटी गोष्ट बदलली. यान आता वाडीत उतरत नाही. चार पोरं आजोबांना खाटेवर घालून पुळणीवर आणतात, ओहोटी आहे, रापण ओढणारे बाजूला सरकून डोळ्यांवर आडवा हात धरतात. आठ पंखे फिरतात, वाळू उठते, आजी पदर दातांत धरून उभी. यान जातं आणि वाळू खाली बसल्यावर दिसतं की किनाऱ्यावर वाळत घातलेली सगळी सुकट समुद्रात गेली आहे.

"मामा," त्याने विचारलं, "तिची भरपाई कोण देणार ते पण लिहू का?"